छपरावर सहाशे वॅट

५ जानेवारी, सकाळी ७.१०
कॅम्पर व्हॅनच्या बॅटरीचं रीडिंग ११.९ व्होल्ट. कमी आहे. आज निर्णय घेतला. छपरावरची दोन जुनी सोलर पॅनेल काढून तीन मोठी बसवायची. एकूण सहाशे वॅट. मार्चमध्ये प्रवासाला निघायचं. दोन महिने, समुद्राच्या कडेकडेने, आम्हा दोघांचा बेत होता तसाच. हिला जाऊन चौदा महिने झाले. आता सबबी पुरे.
बर्फाचे खडे बारा.

८ जानेवारी
मुलीचा फोन. बाबा, गाडी चौदा महिने अंगणातून हललेली नाही, तिला कसली एवढी वीज लागते? मी म्हटलं, फ्रिज चालू असतो. रिकामा फ्रिज? मी हवापाण्याबद्दल विचारलं. शेवटी तिनेच तिच्या ओळखीतला सोलरचा फिटर सुचवला.
फ्रिज रिकामा नाही. वरच्या खणात बर्फाचा ट्रे आहे. शेवटच्या सहलीहून आल्यावर हिने भरून ठेवलेला. ट्रे रिकामा करून तसाच आत सरकवायचा ही पुरुषांची जातच, असं मला सुनावत भरला होता. आठ दिवसांनी हॉस्पिटल.
ट्रेचा आणि पॅनेलचा काही संबंध नाही. पॅनेल प्रवासासाठी आहेत.

११ जानेवारी
पट्टीने मोजलं. सगळ्यात मोठा खडा नऊ मिलिमीटर. डिसेंबरात अकरा होता. म्हणजे फ्रिजला वीज पुरत नाही. बत्तीस वर्षं पाण्याचे मीटर वाचले आहेत, गळती कुठे आहे ते मला कळतं.
फिटर येऊन गेला. जाडजूड, हसरा, शिडीवर स्वतःशीच बोलणारा. म्हणाला, काका, घरातल्या प्लगवरून वायर ओढा ना, दहा पावलं तर आहेत. मी म्हटलं, प्रवासात घर कुठून आणू? तो म्हणाला, तेही खरंच. मग टायरांकडे बघत राहिला.

१७ जानेवारी, दुपारी
कॅम्परमध्ये तीन तास. फक्त लोड तपासायला.
कॉम्प्रेसर सुरू होताना घसा खाकरल्यासारखा आवाज येतो. काही सांगायच्या आधी ही असाच घसा साफ करायची. दर वेळी माझी मान वर होते. मग नुसती घरघर. गाडी चालवताना ही सवय धोक्याची. सोडायची. उद्यापासून.
हिची सीट अजून मागे झुकलेली आहे. सरळ करायची राहून गेली.

१८ जानेवारी
सवय उद्यापासून.

२४ जानेवारी
पाच खण रिकामे. पाणी नाही, ओल नाही, काही नाही. बाकी सातांत पापुद्रे.
फिटरला फोन केला. माझ्या एका मित्राच्या फ्रीजरमधला बर्फ कमी होतोय, असं म्हटलं. तो म्हणाला, होणारच काका, बर्फ न वितळताही उडून जातो. कडाक्याच्या थंडीत दोरीवर गोठलेले कपडेही वाळतातच की. मित्राला सांगा, नवा लावा, बर्फच आहे तो.
फिटर पॅनेलमधला जाणकार आहे. बर्फाबद्दल त्याचं मत धरायचं कारण नाही.

२ फेब्रुवारी
पॅनेल बसली. बॅटरीही नवी. जुनी काढून नवी जोडेपर्यंत वीस मिनिटं फ्रिज बंद राहणार, हे त्याने ऐन वेळी सांगितलं. मी घरातून दोन रजया आणि हिची शाल आणून फ्रिज गुंडाळला. फिटर म्हणाला, आत आहे तरी काय एवढं? तोंडातून गेलं, औषध. कुणाचं? माझं.
त्यानंतर तो एकदम हळू आवाजात बोलायला लागला. मला खुर्ची आणून दिली. बारा मिनिटांत काम संपवलं. मी त्या बारा मिनिटांत श्वास घेतला असणार, पण आठवत नाही. मग आतून घसा खाकरल्याचा आवाज आला.

३ फेब्रुवारी, सकाळी ११
बॅटरी १०० टक्के. गळती बंद. प्रश्न मुळापासून सुटला.

९ फेब्रुवारी
बॅटरी १०० टक्के. सगळ्यात मोठा पापुद्रा दोन मिलिमीटर. पट्टी बदलायला हवी.

१५ फेब्रुवारी
बॅटरी १०० टक्के. ट्रे उघडला नाही. सारखा उघडल्यानेच कमी होत असणार. ऊन चांगलं आहे. आणखी एका पॅनेलला छपरावर जागा आहे.

१६ फेब्रुवारी
मुलगी न कळवता आली. फिटरने तिला फोनवर सांगितलं होतं, बाबांच्या औषधाकडे लक्ष द्या. ती घरात न येता थेट कॅम्परमध्ये शिरली. मी अंघोळीत होतो. बाहेर येईपर्यंत तिने सगळे कप्पे उलटेपालटे केले होते. बाबा, खरं सांगा, काय झालंय तुम्हाला? मी म्हटलं, काही नाही. मग औषध कसलं? फ्रिजमध्ये काहीच नाही. बर्फाचा ट्रे तेवढा रिकामा होता, तो भरून ठेवला.
मी म्हटलं, बरं केलंस.
रिकामा नव्हता. सात पापुद्रे होते.

१७ फेब्रुवारी
खडे बारा. पूर्ण भरलेले. एकेक काढून खिडकीशी धरून पाहिला. सात कुठले, ते ओळखता येत नाही.
मुलगी दारात उभी होती. सांगून टाकलं. ती आत आली. मग म्हणाली, आई असती तर म्हणाली असती, एवढं सांभाळायचं होतं तर हयातीत एकदा तरी ट्रे भरायचा होता. खरं आहे.
मग म्हणाली, चला बाबा, आत्ता निघू. तळ्यापर्यंत तरी.
किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. इंजिनची बॅटरी वेगळी असते, तिला छपरावरून वीज जात नाही. हे मला माहीत होतं. पुढचे दोन टायरही बसलेले आहेत. छपरावर सहाशे वॅट आणि गाडी जागची हलेना. मुलगी झुकलेल्या सीटवर पडून हसत सुटली. हसता हसता रडली. मी समोरच्या काचेवरची धूळ बघत होतो.
तिने दोन ग्लास पाणी ओतलं, प्रत्येकात दोन खडे टाकले. मी नको म्हणणार होतो. ती म्हणाली, प्या. पाणी गार होतं. बाकी वेगळं काही लागलं नाही. सगळं प्यायलो, खडेसुद्धा चावले.
कॉम्प्रेसर सुरू झाला. या वेळी मान दोघांचीही वर झाली.
प्रवास लांबणीवर.
ती घरात गेल्यावर ट्रे आत सरकवला. आठ खडे, चार खण रिकामे. घरी येऊन चपला काढल्या. पुन्हा घातल्या, परत गेलो आणि भरला.