कप्तानाच्या बाजूने

३ मार्च, सोमवार
कादंबरी परत आली. नाकारलेली नाही, परत आली आहे. दोन्हींत फरक आहे.
संपादकबाई फोनवर म्हणाल्या, यान, ग्रह, हवेचं गणित सगळं चोख आहे, पण नायक सहन होत नाही. कोणाला, असं विचारलं. म्हणाल्या, मला. मग जरा नरमल्या. आणखी काही जणांना वाचायला द्या, एकाला जरी तो मनापासून आवडला तरी मी पुन्हा वाचीन, नाहीतर नायक बदला.
नायक बदलणार नाही. यानातली हवा पुरणार नाही म्हणून कप्तान बाकीच्या तिघांना झोपपेट्यांत झोपवतो आणि स्वतः एकटा जागा राहून नवा ग्रह शोधतो. यात सहन न होण्यासारखं काय आहे? त्याग आहे तो.
संकल्प: योग्य वाचक निवडायचे. वाचत असताना त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही.

४ मार्च
तीन प्रती काढल्या. एक मैत्रिणीला, कारण कॉलेजपासून तिचं-माझं प्रत्येक बाबतीत एकमत आहे. एक ऑफिसात साहेबांना, कारण त्यांनी मागितली. आमचं कुरियरचं ऑफिस. हरवलेल्या पार्सलांच्या तक्रारी सोडून तिथे कोणी काही वाचत नाही. त्यामुळे बरं वाटलं.
तिसरी धाकट्या बहिणीला. ती खाली आमच्या लाँड्रीत आईबाबांना मोठ्याने वाचून दाखवणार म्हणे. घरच्यांकडून अपेक्षा नाही. विज्ञानकथेला एक तयारी लागते.

८ मार्च, शनिवार
मैत्रीण भेटली. एका बैठकीत संपवली म्हणाली. एवढा नीच माणूस कुठल्या पुस्तकात भेटला नव्हता, जाम मजा आली.
नीच कोण, असं मी विचारलं. ती म्हणाली, चल, आता भाव खाऊ नकोस. ग्रह आल्यावरही तो त्या तिघांना उठवत नाही, आधी आरशासमोर भाषण पाठ करत बसतो, तिथे म्हणे हसून हसून तिचं पोट दुखलं. इतकं बोचरं लिहिणं तुला जमलं कसं, असंही विचारलं.
ते प्रकरण लिहिताना मी रडले होते.
धन्यवाद म्हणाले. कॉफीचे पैसेही मीच दिले. आता तिचा फोन घ्यायचा नाही.
(संध्याकाळी आला. घेतला. दुसरंच काहीतरी होतं.)

११ मार्च, मंगळवार, सकाळी
साहेबांना कप्तान आवडला. मनापासून. केबिनमध्ये बोलावून सांगितलं की माणूस असा हवा, लोकांना विचारत बसत नाही. संपादकबाईंना आजच कळवते.

तोच दिवस, दुपारी
चहाचं मशीन बंद केलंय. वर कागद चिकटवलाय: 'काही जण झोपल्याशिवाय यान पोहोचत नाही.' माझं वाक्य. खाली माझं नाव, मोठ्या अक्षरात.
शेजारच्या टेबलावरच्या काकू एसीत बसताना मला त्यांची शाल द्यायच्या. आज माझ्या खांद्यावरून काढून घेतली. हिशेबनीस येऊन म्हणाले, बाई, माझी पेटी जरा लांब करा, पाय दुमडत नाहीत.
कप्तान चहा बंद करणारा माणूस नाही. साहेबांनी मला स्तुती करून फसवलं. संपादकबाईंना कळवलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार
लाँड्रीच्या जिन्यात चप्पल शोधत होते. ऐकत नव्हते. धाकटी वाचत होती, बाबांची इस्त्री वाफ सोडत होती आणि तिघंही हसत होती. विनोदी जागा माझ्या आठवणीत एकही नाही.
धाकटी म्हणाली, बाबा पहिल्या पेटीत, आई दुसऱ्या, मी तिसऱ्या. आई म्हणाली, मला खिडकीकडची दे. बाबा म्हणाले, हळू हसा गं, कप्तान वर लिहितोय.
खाली गेले. याचा अर्थ काय, असं विचारलं. आई शर्टांच्या घड्या घालायला लागली. धाकटीने मात्र सांगितलं. तायडे, तुझी पदवी होईपर्यंत या घरात टीव्हीला आवाज नव्हता, मालिका आम्ही ओठ बघून समजून घेतल्या. संध्याकाळी लाँड्रीच्या मशीनवर मी, आणि तू वर अभ्यासाला. माझी बारावी त्या मशीनवरच झाली.
मी म्हटलं, ते सगळ्यांसाठीच होतं. ती म्हणाली, कप्तानही हेच म्हणतो, दुसऱ्याच प्रकरणात.
बाबा म्हणाले, मला आवडतो बुवा तो. आपलाच आहे, न आवडून जाईल कुठे.
आईने एवढंच विचारलं, त्या तिघांना शेवटी उठवतो का गं? मी सांगितलं, ते वाचकावर सोडलंय. आई म्हणाली, वाचकाला कामं असतात, तूच उठव.

१५ मार्च
जेवले नाही. (नंतर ताट वर आलं, तेव्हा जेवले.) मैत्रीण परकी, साहेब तर साहेबच. पण घरच्यांनी इतकी वर्षं मनात ठेवावं आणि माझ्याच पुस्तकावर हसावं, हे लागलं. तेव्हाच एकदा आवाज करायचा होता. कोणी अडवलं होतं?
बाबांचं मत संपादकबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, चालेल, धरू. पण नवा शेवट आणा.

१६ मार्च, रविवार
मला सगळं समजलं आहे. मी बदलले आहे. नवा शेवट ठरला: कप्तान तिन्ही पेट्या उघडतो, भाषण फाडून टाकतो आणि म्हणतो, आता तुम्ही बोला, मी ऐकतो. घरच्यांना अर्पण करणार आहे.
प्रसंग मोठा, एकाग्रता हवी. खाली टीव्हीवर मॅच आणि तिघांचा आरडाओरडा. जिन्यातून सांगितलं की तासभरच, तुमच्यासाठीच लिहितेय. आवाज लगेच बंद झाला. धाकटीने खालून विचारलं, झाकण आम्हीच लावून घेऊ का?
उत्तर दिलं नाही. तंद्री मोडते.
पहिलं वाक्य झकास जमलं: 'यानात कमालीची शांतता होती.'