जुन्या सालाचं हिरवं

४ मार्च
एकदाचं बस्तान बसलं. कंपनीचं घर, भाडं नाही, पुढे एक खोली, मागे एक, त्यामागे अंगण. अंगणाला कुंपण आणि कुंपणापलीकडे बुजवलेली खाण. अंगणात एका जुन्या झाडाचा बुंधा उरलाय. बाबा त्याच्यावर चहाचा कप घेऊन असे ऐटीत बसले, जणू घर त्यांच्याच नावावर आहे. आई गेल्यापासून आज पहिल्यांदा हसले. मागची खोली त्यांना दिली. मला बाबा आणि बाबांना मी, तिसरं कोणी नाही, त्यामुळे ते हसणं मला पगारापेक्षा मोठं वाटलं.

काम सोपं आहे. उपग्रहाने वरून काढलेली चित्रं येतात. खाणीने उकरून टाकलेल्या जमिनीवर झाडोरा किती वाढला, किती मेला, ते मी सांगायचं. बाबा म्हणाले, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या. मी म्हटलं, उंट जरा जास्तच उंच आहे.

९ मार्च
इथली माणसं मात्र खडूस. मी दुकानात शिरले की गप्पा बंद. शेजारच्या काकूंनी काय काम करतेस विचारलं आणि उत्तर ऐकून तोंडावर दार लावलं. मला काय, माझं त्यांच्यावाचून अडत नाही.

ऑफिसात एक गंमत कळली. आमच्या घरांच्या ओळीवर, मागच्या अंगाला, प्रत्येक चित्रात पांढरा डाग असतो. आभाळ स्वच्छ असलं तरी असतो. साहेब म्हणाले, ढग समज आणि भरून टाक. ढगाखालचं दिसत नसलं की जुन्या चित्रातला तेवढाच तुकडा कापून तिथे बसवायचा, ही आमच्या कामातली रीतच आहे. माझ्या आधीची मुलगी दर वेळी गेल्या महिन्याचा उजाड तुकडा लावायची. काय ती अक्कल! मी खाण सुरू होण्याआधीच्या सालातला लावला, गर्द हिरवा. हिरवळीचा आकडा असा वधारला की साहेबांनी चारचौघांत कौतुक केलं. वरच्यांच्या तोंडाला पानं पुसायचीच, तर निदान हिरवीगार पुसावीत.

१३ मार्च
बुंध्याला पालवी फुटली. बाबांना कोण आनंद. काकूंनी कुंपणावरून ते पाहिलं आणि भर दुपारी दारात येऊन मला फैलावर घेतलं. कोणत्या सालाचं लावलंस, हेच पुन्हा पुन्हा विचारत होत्या. त्यांना आमच्या चित्रांचं कसं ठाऊक, ते मला कळेना. त्या म्हणाल्या, इथे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या डागात जे लावाल तसं खाली होतं. आधीच्या मुलीला आम्हीच बजावलं होतं, गेल्या महिन्याच्या मागे जायचं नाही. खाणीआधी इथे घरं नव्हती, नुसतं रान होतं. मी त्यांना वेड्यात काढलं. जाताना त्या आमच्या उंबऱ्यावर थुंकल्या.

१६ मार्च
बुंधा नाही. झाड आहे, जुनं, छपरावर रेललेलं. बाबांच्या खोलीत फरशी फोडून मुळं वर आलीत. काकूंच्या घराची मागची भिंत गेली. पडली नाही, तिथे झाडं आहेत आणि भिंत कधी नव्हतीच अशी दिसते.

ऑफिसात धावत गेले. उजाड तुकडा परत लावू द्या म्हणून हातापाया पडले. साहेब म्हणाले, आकडा वर कळवलाय, आता तो खाली येणार नाही. माझा कॉम्प्युटर बंद करून मला घरी पाठवलं. हात दाखवून अवलक्षण मी केलं, आणि ते बाबांच्या खोलीत उगवतंय.

ओळीतली सगळी माणसं सामान बांधून निघाली. आम्हाला कोणी गाडीत घेतलं नाही. एकाने खिडकीवर दगड मारला. त्यांच्या जागी मी असते तर मीही मारला असता. बाबांना म्हटलं, चालत जाऊ. ते हलायला तयार नाहीत. म्हणतात, वास किती छान येतोय.

१८ मार्च
मागची खोली दारापाशीच संपते. दार उघडलं की रान.
बाबा एका खोडाशी बसले होते. हात धरून ओढलं. हलले नाहीत. मला विचारलं, तू कुठल्या घरची? मग स्वतःशीच म्हणाले, इथे कुठे घर आहे.
मी रडले. ते नुसते बघत राहिले, परक्या मुलीकडे बघावं तसे.

१९ मार्च
खोडाशी नाहीत. हाका मारतेय. ओ येते, पण लांबून — एवढी लांब आमची खोली नव्हती —
आत पाऊल टाकायचं धाडस होत नाही. लाज वाटते. माझेच बाबा —

२० मार्च
साहेबांचा फोन. नवीन चित्र आलंय. डाग पसरलाय, पुढच्या खोलीवरही. मी कामावर नाही म्हणून त्यांनी स्वतःच भरला. कोणत्या सालाने, विचारलं. म्हणाले, तू निवडलेलंच, त्याहून सुंदर दुसरं कुठलं —

खुर्ची एका बाजूने खचतेय. खाली माती.

बाबा हाक मारतायत. माझ्या लहानपणच्या नावाने. आठवलं त्यांना —
जाते. हाताला धरून आणते. परतायला वाट दिसावी म्हणून दार उघडंच ठेवीन. पण दार —