‘साहेब-साहेब’ खेळाबद्दल मागितलेल्या तोंडी दिलगिरीबाबत

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
पंचायत समिती (शिक्षण विभाग), जि. हिंगोली
(तालुक्याचे नाव लिफाफ्यावर आहे. अर्जात घालून तालुक्याची शोभा करण्याची इच्छा नाही.)

अर्जदार : प्रेमानंद पुंजाजी खिल्लारे, अर्जनवीस, रा. मौजे कवठाळी

विषय : इयत्ता पहिलीतील खेळाचा कोपरा पुन्हा उघडणेबाबत व सहा वर्षांच्या मुलीकडून मागितलेली दिलगिरी रद्द करणेबाबत.

संदर्भ : मा. विस्तार अधिकारी (शिक्षण) यांचा आदेश क्र. ४१७, दि. १६ फेब्रुवारी २०२६.

महोदय,

१. मी एकोणीस वर्षे तालुक्याच्या बाजारात बसून लोकांचे अर्ज लिहून देतो. फेरफार, वारसनोंद, रेशनकार्ड, विहीर. लोक संतापून येतात, शिव्या सांगतात आणि मी त्या ‘सविनय’ या शब्दात बसवून देतो. हा अर्ज माझा स्वतःचा आहे. यावेळी ‘सविनय’ला जागा अपुरी पडत आहे, ते महोदयांनी चालवून घ्यावे.

२. माझी मुलगी कु. रागिणी पहिलीत आहे. घरी तिच्या तोंडाला क्षणाची उसंत नसते, शेळ्यांशीसुद्धा भांडते. शाळेत मात्र जूनपासून पाच महिने तिने एक अक्षर उच्चारले नाही. हजेरीला नुसती मान हलवायची. लघवीला जाऊ का, हे विचारता न आल्याने दोनदा फ्रॉक ओला करून घरी आली. वर्गशिक्षिका पल्लवी मॅडम यांनी तिला कधी दटावले नाही. लहान वर्गांनी खेळातून शिकावे, मुलांनी निरनिराळ्या भूमिका घेऊन मोकळेपणी खेळावे, असे शासनाचे परिपत्रक आहे. ते परिपत्रक मॅडमनी वाचले, हा त्यांचा पहिला गुन्हा. त्याप्रमाणे त्यांनी वर्गात कोपरा केला, हा दुसरा. तिथे एक तराजू, एक जुनी साडी, बंद पडलेला मोबाईल आणि वर्गातली एकुलती एक खुर्ची ठेवली. लेकरे तिथे दुकान, दवाखाना, एसटी खेळू लागली. रागिणी बाजूला बसून बघायची.

३. दि. २० नोव्हेंबर रोजी विस्तार अधिकारी साहेबांनी शाळेला भेट दिली. शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य म्हणून मी हजर होतो. साहेब खुर्चीत बसले, मोबाईलवर बोलले, चहा कोणी सांगितला का ते विचारले, मोबाईलवर बोलले, रजिस्टर मागवले. कोपऱ्याकडे बोट करून म्हणाले, हे खेळणे झाले, शिक्षण कुठे आहे? मग शेरा लिहिला : त्रुटी. एकाही मुलाला नाव विचारले नाही.

४. सहा दिवसांनी, कोणी न सांगता, रागिणी उठून कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसली. बंद मोबाईल कानाला लावला आणि म्हणाली, “रजिस्टर आणा. च्या सांगितला का न्हाई?” शाळेतले तिचे हे पहिले वाक्य. मॅडमनी डोळे पुसले आणि खरेच रजिस्टर नेऊन दिले.

तेव्हापासून ती रोज साहेब झाली. हजेरी घेता यावी म्हणून वर्गातली एकवीस नावे वाचायला शिकली. शेरा मारता यावा म्हणून ‘त्रुटी’ हा शब्द शिकली. पहिलीच्या मुलीने जोडाक्षर लिहिले, तेही शुद्ध. शेजारच्या सुरजने तिला येऊन विचारायचे, “सायेब, मुतायला जाऊ का?” आणि तिने परवानगी द्यायची. जानेवारीत तिने स्वतः मॅडमना तेच विचारले. फ्रॉक पुन्हा ओला झाला नाही. आपल्या कार्यालयाला यातले काय मोजता येते ते मला माहीत नाही. आम्ही घरी त्या दिवशी गोड केले.

५. दि. १२ फेब्रुवारी रोजी साहेब न कळवता आले. कोपऱ्यात तपासणी चालू होती. साहेब खुर्चीकडे निघाले. रागिणी उठली नाही. हात वर करून म्हणाली, “भाईर थांबा. सायेब व्हिजिटवर हायेत.”

वर्ग हसला. साहेबांबरोबर आलेला शिपाईही हसला. साहेब मात्र इतक्या मोठ्याने ओरडले की दोन पोरे रडली आणि रागिणी खुर्चीखाली जाऊन बसली.

६. चार दिवसांनी आदेश निघाला. (अ) खेळाचा कोपरा तात्काळ बंद करावा. (ब) शिक्षिकेने खुलासा द्यावा. (क) ‘सदर विद्यार्थिनीने पदाच्या विटंबनेबद्दल समक्ष व तोंडी दिलगिरी व्यक्त करावी.’

मुलीने कोणाचेही नाव घेतले नव्हते, साहेबांनी स्वतःला आपणहून ओळखले. याला आमच्याकडे चोराच्या मनात चांदणे म्हणतात. राहिली पदाची प्रतिष्ठा. ती चौदा किलो वजनाच्या पोरीच्या बसण्याने मोडत असेल, तर आधीच कोणीतरी ती खिळखिळी करून ठेवली होती, याची चौकशी व्हावी. खुर्चीत बसल्यावर रागिणीचे पाय जमिनीला टेकत नाहीत. तिच्यात आणि साहेबांत मला एवढेच साम्य दिसले.

७. आदेशाचे पालन करण्यास आम्ही तयार आहोत, परंतु अडचण अशी की, १२ तारखेपासून रागिणी शाळेत पुन्हा एक अक्षर बोललेली नाही. आधी मुलीची वाचा बंद करायची आणि मग तिच्याकडून तोंडी दिलगिरी मागायची, असा आदेश एकोणीस वर्षांत माझ्या वाचनात आलेला नाही. आम्हालाही तिने तोंडी काहीतरी बोलावे असेच वाटते. दिलगिरी नको, ‘पाणी’ म्हटले तरी चालेल. परवा ती पुन्हा ओल्या फ्रॉकने घरी आली.

८. त्या रात्री जेवताना तिने मला विचारले, “बाबा, मी सायेब बराबर झाले न्हवते का?”

महोदय, तिला वाटते, ती चुकीचे खेळली म्हणून साहेब ओरडले. पंधरा दिवस ती आपली चूक शोधत आहे. तू बराबर झाली होतीस, असे मी शपथेवर सांगितले. तिला पटले नाही, कारण मी साहेब नाही.

९. सबब विनंती की, कोपरा पूर्ववत उघडावा व पल्लवी मॅडमकडून खुलासा मागू नये. तसेच विस्तार अधिकारी साहेबांनी एकदा शाळेत येऊन, रागिणीसमोर खाली बसून, ‘तू साहेब बराबर झाली होतीस’ एवढे एकच वाक्य बोलावे. हे पत्राने कळवून चालणार नाही. साहेबांनाच तोंडी म्हणावे लागेल.

आपला, अद्याप नम्र,
प्रेमानंद पुंजाजी खिल्लारे
मौजे कवठाळी, दि. २७ फेब्रुवारी २०२६

सोबत :
१) आदेश क्र. ४१७ ची प्रत.
२) खेळातून शिक्षणाबाबतचे परिपत्रक. (आपल्याच कार्यालयाने शाळेला पाठवलेले. साहेबांच्या वाचनासाठी परत.)
३) कु. रागिणी हिची तोंडी दिलगिरी : उपलब्ध नाही.