कुटुंब ‘क्ष’चे पापड

मालाड, दि. १४ एप्रिल १९५६

तीर्थस्वरूप भाऊमामांच्या पायांशी श्यामसुंदरचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

इकडे सर्व खुशाल आहे. म्हणजे आई खुशाल आहे. मी संतापलेला आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी धाडलेलं कुळथाचं पीठ पोचलं. राजापूरच्या न्यायाधीशपदावरून निवृत्त झाल्यापासून दिवस खायला उठतो असं तुम्ही लिहिलं होतंत, म्हणून हे पत्र लांबलं तरी चालेल असं धरतो.

तुम्हाला माहीतच आहे की लॉ कॉलेजातली माझी नोकरी अजून हंगामी आहे. मे अखेर एक तरी लेख कायद्याच्या त्रैमासिकाने स्वीकारल्याचं पत्र दाखवलं तर जागा कायम, नाहीतर जूनपासून मी पुन्हा कोर्टाच्या व्हरांड्यात पक्षकारांची वाट बघत उभा. (गेल्या खेपेला दोन वर्षं उभा होतो. एकच आला, तोही पत्ता विचारायला.) म्हणून चार महिने खपून मी वहिवाटीच्या हक्कावर लेख लिहिला. वीस वर्षं बिनहरकत, बिनखंड आणि हक्काने दुसऱ्याची जागा वापरली की वापराचा हक्क कसा लागू होतो, हा विषय. उदाहरणादाखल मी ‘कुटुंब क्ष’ घेतलं, ज्यांचे पापड शेजारच्या गच्चीवर वीस वर्षं वाळत आले आहेत. आता हे कुटुंब म्हणजे आम्ही आणि गच्ची काशीरामशेटची, हे तुम्ही ओळखालच. पण लेखात नावगाव काही नाही.

या त्रैमासिकाची पद्धत अशी. संपादक लेखावरचं लेखकाचं नाव ब्लेडने कापून काढतात आणि लेख दोन तज्ज्ञांकडे पाठवतात. लेखक कोण हे तज्ज्ञांना कळू नये, तज्ज्ञ कोण हे लेखकाला कळू नये. ऐकायला किती छान! मलाही छान वाटलं होतं. ओळखीपाळखीने काम करून घेणाऱ्यांतला मी नव्हे. उद्या माझा सख्खा भाऊ जरी तज्ज्ञ असता तरी त्याला मी अवाक्षराने विचारलं नसतं. विद्वत्तेच्या प्रांतात नातीगोती आली की सगळं नासलं, असं मी वर्गातही सांगतो.

पहिल्या तज्ज्ञाने कळवलं की लेख उत्तम आहे, फक्त लेखकाने अमुक एक पुस्तक वाचलेलं दिसत नाही आणि त्याचा उल्लेख निदान चार जागी हवा. त्या पुस्तकाच्या अकरा प्रती खपल्या आहेत आणि त्यांतल्या सात ग्रंथकर्त्याने स्वतः घेतल्या आहेत, हे सगळ्या मुंबईला ठाऊक आहे. तेव्हा हे गृहस्थ कोण ते कळलंच. मी निमूटपणे पाच जागी उल्लेख घातला.

पण दुसरा! भाऊमामा, हा दुसरा गाढव आहे. तीन पानं लिहिली आहेत मेल्याने. म्हणे लेखकाला खंड म्हणजे काय हे उमगलेलं नाही, कारण ‘सन १९३९ च्या उन्हाळ्यात सदर गृहिणी माहेरी होती, व त्या वर्षीचे पापड गच्चीवर नव्हे तर माहेरच्या विहिरीजवळच्या कातळावर वाळले.’ हे माहेर माझ्या लेखात कुठेच नाही, पण ते असो. अहो, दुसऱ्या कोणी अडवल्यामुळे वापर थांबला तर तो खंड. बाई आपण होऊन माहेरी गेली हा कसला खंड? हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. पुढे लिहितो, ‘शिवाय त्या पापडांत हिंग जास्त झाला होता.’ हिंगाचा आणि कायद्याचा संबंध काय? आणि माझ्या काल्पनिक कुटुंबाच्या पापडांची चव या माणसाने घेतली कुठे? शेवटी शेरा : ‘लेखकाने प्रथम कायदा वाचावा, मग लिहावे.’ संपादक म्हणतात, लेख सुधारून पाठवा, तो पुन्हा याच तज्ज्ञाकडे जाईल, आणि त्याचं मत फिरलं तर घेऊ. म्हणजे माझी भाकरी या हिंगवाल्याच्या हातात! तुम्ही तीस वर्षं न्यायदान केलंत. असा माणूस तुमच्या कोर्टात उभा राहता तर तुम्ही त्याला काय ऐकवलं असतंत, तेवढं मला लिहून पाठवा. जिवाला बरं वाटेल.

मामींना नमस्कार. थोरांच्या आशीर्वादाची आज कधी नव्हे इतकी गरज आहे.

आपला,
श्यामसुंदर

ता. क. : पत्र आईला वाचून दाखवलं. हिंगापाशी आल्यावर ती इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाली, “अरे, हा आपला भाऊ! तेव्हाही जेवताना असंच बोलला होता. सतरा वर्षं मनात धरून बसलाय मेला!” पत्र फाडून नवं लिहिणार होतो, पण इतकं मनापासून पुन्हा लिहिता येणार नाही. ‘गाढव’ हा शब्द खोडला आहे असं समजून वाचावं. सुधारलेला लेख सोमवारी निघतो आहे. त्यात १९३९ च्या उन्हाळ्यातही सदर गृहिणी गच्चीवरच पापड घालते आहे.

ता. क. २ : एक राहिलंच. त्याच संपादकांनी माझ्याकडेही एक लेख तपासायला धाडला आहे, दत्तकाच्या कायद्यावर. नाव ब्लेडने कापलेलं आहे. पण आत तीन ठिकाणी ‘राजापूरच्या कोर्टात प्रस्तुत लेखकाने दिलेला अत्यंत समतोल निकाल’ असं आहे. लेखकाला ओळखण्याचा माझा मुळीच प्रयत्न नाही. माझा अभिप्राय अजून गेलेला नाही. तुमचा कोणत्या टपालाने निघतो ते एका कार्डाने कळवावं, म्हणजे माझाही त्याच दिवशी टाकीन. लेख चांगला आहे. हिंग जरा जास्त झाला आहे, पण ते मी अजून लिहिलेलं नाही.