निळ्या दगडाचा तुटका कोपरा

मुर्री, १४ जानेवारी २०२५

ओमेश्वर,

मोठ्या बहिणीचा, तुझ्या बाईचा आशीर्वाद. दरवेळी देते म्हणून देते, आज मनातून निघून नाही राहिला.

इकडे सारे बरे. धान विकून झाला, त्याच बांधीत आता लाखोरीचं पीक फुलावर आहे. सुनबाईच्या खोकल्याले आराम आहे काय? फोन केला की तू 'बाई, मीटिंगमध्ये आहो' म्हणतो, म्हणून हा कागद. माही पोरगी दुर्गेश्वरी परवा नागपूरले येऊन राहिली, तिच्या हातून पाठवते.

तिनंच मोबाईलवर तुझ्या प्रदर्शनाचा व्हिडिओ दाखवला. काचेत आपला निळा दगड. खाली पाटी, 'कायनाइट, गोंदिया जिल्हा. शोधक : प्रा. ओमेश्वर.' अन् तू माईकवर सांगून राहिला, "आमची बाई याच्यानं चिंचोके फोडत होती, मी वेळेवर वाचवला." लोक हासले. तू बी दात काढले.

लाज नाही वाटली रे तुले? चोरखमारा गावाकडच्या आपल्या शेतात विहीर खोदून राहिले होते, तवा मलब्याचं टोपलं माह्या डोक्यावर होतं. तू सहा वर्षांचा, आंब्याखाली शेंबूड पुसत बसला होता. टोपलं ओतलं अन् पांढऱ्या गारगोटीत निळं पातं चमकलं. मीच ओरडली, "बाबा, हे पाहा!"

जमिनीतले दगड तपासणारे सर्वेवाले साहेब रस्त्यानं चालले होते, ते थांबले. म्हणाले, हा एके काळी चिखल होता. जमिनीच्या पोटात लय खोल गेला, वरून डोंगराचा दाब, खालून धग, तवा कुठं असा निळा झाला. चाकू घेऊन दाखवलं त्यांनी. लांबीत रेघ उमटते, आडवी उमटत नाही. हे तुले कोणी शिकवलं? मी. तुझ्या प्रोफेसरकीचा पहिला धडा चुलीजवळ झाला आहे, विसरू नको.

साहेबानं बाबाले बजावलं, "चिठ्ठी लिहून ठेवा. कुठं, कधी, कोणाले सापडला. चिठ्ठीबिगर हा नुसता गोटा." बाबानं लिहिली. खाली माहं नाव. सातवीत शाळा सुटल्यावर माहं नाव कोणी कागदावर लिहिलं ते तेवढंच.

अन् तो तुटका कोपरा? व्हिडिओत म्हणतो, 'नैसर्गिक भेग.' खोटारडा! तूच हट्ट करून उचलला अन् ओट्यावर आपटला. लांबीत सरळ चिरला. बाबानं विचारलं तवा तू माह्या लुगड्यामागं लपला. मी म्हटलं, "माह्या हातून पडला." अशी थापड बसली की कान दोन दिवस वाजत होता. बाबा मरेपर्यंत म्हणत, "भूमेश्वरीले वस्तू सांभाळता येत नाही." मी ऐकून घेतलं. तुझ्यासाठी घेतलं. काऊन घेतलं, हे आता मले बी समजत नाही.

दगड तू मागितला, मी दिला. चिठ्ठी नाही दिली. ती माह्या पेटीत आहे, अन् तो तुकडा बी.

रविवारी प्रदर्शन संपते म्हणे. त्याच्या आधी पाटीवर माहं नाव लिही, अन् माईकवर सांग दगड कोणी आपटला होता ते. नाही तर मी येते. चिठ्ठी वाचून दाखवते, अन् साऱ्यांसमोर तुकडा जोडून दाखवते.

वर आशीर्वाद लिहिला आहे. तो ठेवायचा की परत घ्यायचा, ते रविवारी पाहते.

जिले तो सापडला ती,
भूमेश्वरी