सायलीच्या घरचा राउटर

मंगळवार, संध्याकाळ, दापोडी

स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटतेय. आम्ही नेटवाले सगळ्या गिऱ्हाइकांच्या राउटरला एकच पासवर्ड ठेवतो, सारखे जिने चढायला नकोत म्हणून. त्याच पासवर्डने मी गेल्या आठवड्यात ऑफिसात बसून सायलीच्या घरच्या राउटरमध्ये शिरलो. तिला अजून मनातलं बोललोही नाही, आणि हे धंदे! तिथे जोडलेल्या फोनांच्या यादीत 'रोहन' नावाचा फोन दिसला. डोकंच फिरलं. त्या फोनचा स्पीड पार तळाला नेऊन ठेवला.

आज तिचीच तक्रार आली. स्पीड मोजायला तिने स्वतःचा फोन पुढे केला, त्याचंच नाव रोहन. सेकंडहँड घेतलेला, आधीच्या मालकाचं नाव तसंच राहिलेलं.

"काल यावर नोकरीचा इंटरव्ह्यू होता रे. आवाज तुटत होता, त्यांनी कॉलच कट केला."

मी गपचूप स्पीड पूर्ववत केला. तिची आई म्हणाली, "गुणाचा पोरगा, लगेच धावून आला." वर चहा दिला. तो प्यायलो पण मी! कॉलेज अर्धवट सोडलं तेव्हाही एवढी लाज वाटली नव्हती.

निघताना तिला राउटरचा पासवर्ड बदलायला लावला. ती टाकत होती तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

ती हसली. "बघ की, तुझ्यापासून काय लपवायचंय?"