चार नंबरच्या प्रेसची जाळी

नागपूर
दि. ६ नोव्हेंबर १९७८

ती. सौ. सिंधूताईस,
कवडूचा शि. सा. न. वि. वि.

अक्षर पाहून पत्र दुसऱ्या कोणाचे समजू नकोस. उजवा हात पट्टीत आहे, म्हणून डाव्याने लिहितो आहे. लहानपणी डाव्या हाताने घास घेतला की तू चापट मारायचीस, आता मार पाहू. भाऊबीजेला आलो नाही म्हणून रागावली असशील. पुष्पलतेने तुला नुसते हाताला लागले एवढेच कळवले होते. खरे असे की चार बोटे गेली. अंगठा तेवढा राहिला.

आमच्याकडे डब्यांची झाकणे कापतात हे तुला ठाऊक आहे. पत्रा आत सरकवायचा, पायडल दाबायचे, की वरून प्रेस पडते. हात आत जाऊ नये म्हणून तोंडाशी लोखंडी जाळी असते. खंडेनवमीला आम्ही ती खोलतो, कारण यंत्राच्या तोंडाला कुंकू लागले पाहिजे आणि झेंडूचा हार आतून गेला पाहिजे. पूजेचे कुंकू हाताने पुसायचे नाही, ते आपोआप उडाले की जाळी परत बसवायची, ही आमच्या खात्याची रीत. यंदा कुंकू उडाले तरी जाळी आली नाही. सुपरवायझर मधुकररावांकडे मागितली तर म्हणाले की बिनजाळीचा हात कसा सरसर चालून राहिला गा, दिवाळीचा माल निघू दे, मग लावू. दिवाळीच्या आधीच माझी बोटे गेली. ताई, माझा पाय पायडलवर नव्हता, जमिनीवर होता. प्रेस आपली आपण पडली.

युनियनच्या गोपाळरावांनी भरपाईचा दावा लावला आहे. कंपनीचे उत्तर असे की जाळी कामगारांनीच पूजेसाठी काढली, तेव्हा चूक कामगारांचीच. खात्यातले लोक नोकरीच्या भीतीने गप्प आहेत.

आणखी एक सांगतो, पण भाऊजींना सांगू नकोस, हसतील. बोटे गेली तरी मला ती जाणवतात. डॉक्टर म्हणाले की असे होते, जाईल हळूहळू. पण ती इथे हाताशी नाहीत, तिकडे कारखान्यात आहेत. सकाळची पाळी सुरू झाली की त्यांना थंड पत्रा लागतो, तेल लागते. जेवणाच्या सुट्टीत ती थांबतात. परवा भलत्याच वेळी थांबली. संध्याकाळी शेजारचा बळीराम कामावरून आला आणि म्हणाला की आज चार नंबरचा पट्टा तुटला होता. चार नंबर म्हणजे माझी प्रेस.

माया आहे तशीच असू दे.
तुझा कवडू


उमरेड
दि. १५ नोव्हेंबर १९७८

चि. कवडूस अ. उ. आ.

पत्र वाचून पोटभर रडले आणि मग तुझे अक्षर पाहून हसूही आले. उजव्या हाताचेही काही फार चांगले नव्हते. जेवण नीट घे. पुष्पलतेला म्हणावे, नवऱ्याला घास भरवायची लाज धरू नको.

इकडे सूत मिळत नाही. हे दिवसभर रिकाम्या मागावर बसून असतात. विचारले तर म्हणतात, बसायची सवय मोडली तर मग बसवणार नाही. अशात काल तुमचे मधुकरराव स्वतः जीप घेऊन आले. संत्राबर्फी आणली होती. म्हणाले की घरची जागा घरातच राहू द्या, काहून कचेरीच्या पायऱ्या झिजवून राहिले, कवडूच्या जागी जवाईबुवाले घेतो, त्याले फक्त दावा वापस घ्याले सांगा.

कवडू, मला कायदा कळत नाही. तुझा हात त्या दाव्याने परत येणार नाही, आणि आमची चूल मात्र पेटेल. बहिणीने हे लिहू नये. लिहिताना मान वर होत नाही, तरी लिहिते आहे. विचार कर.

तुझ्या बोटांचे मी फक्त सासूबाईंना सांगितले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारले की बोटांले माती कोणी देली? अंगाचा तुकडा तसाच राहिला तर तो आपला माणूस शोधून राहते म्हणाल्या. तूच चौकशी कर आणि मला कळव. मला रात्रंदिवस तेच दिसते.

बहिणीवर राग धरू नकोस, इतकेच मागते.
तुझी सिंधूताई


नागपूर
दि. १२ डिसेंबर १९७८

ती. सौ. सिंधूताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्यावर रागावून मी जाणार कुठे? भाऊजी इथे आमच्याकडे सुखरूप आहेत. सकाळी कंपनीच्या बसने जातात, आल्यावर पुष्पलतेच्या हातची भाकर खाऊन असे घोरतात की शेजारच्या बळीरामने तक्रार केली. त्यांना माझ्याच जागी, चार नंबरवर लावले आहे. जानेवारीत दाव्याची तारीख आहे, त्या दिवशी मागे घेईन असा शब्द मी मधुकररावांना दिला. गोपाळराव चिडले. म्हणाले की अपघाताची भरपाई तुले कायद्यानं मिळते, मधुकररावाच्या बर्फीनं नाही. मी ऐकून घेतले. तुझी चूल माझ्या डोळ्यापुढे होती.

बोटांची चौकशी केली. कोणी पाहिलीच नाहीत. मला दवाखान्यात नेले, प्रेस पाण्याने धुतली आणि पुढची पाळी चालू केली. कातरणाच्या ढिगात गेली असतील, असे बळीराम खाली मान घालून म्हणाला.

पण ती गेली नाहीत, ताई. भाऊजी कामाला लागल्यापासून माझ्या बोटांना पत्र्याच्या जोडीला एक हात लागतो. गरम असतो. तर्जनीवर सूत ओढून पडलेला कोष्ट्याचा घट्टा आहे. पत्रा आत जातो तेव्हा तो हात माझ्या बोटांवरून जातो आणि परत येतो. मला भीती वाटते, आणि ओळखीचे माणूस भेटल्यासारखेही वाटते. दोन्ही एकदम.

काल भर सकाळी अंगणात बसलो होतो. एकाएकी बोटे आवळली गेली. मी आवळली नाहीत. त्यांनी काहीतरी धरले आणि इतक्या जोराने ओढले की मी खाटेवरून खाली आलो. संध्याकाळी भाऊजी आले ते बोलेनात, जेवेनात. उजवा हात धोतरात गुंडाळून ठेवला होता. आज कामावर गेले नाहीत, तुझ्याकडे यायला निघाले आहेत. तूच विचार, मला धीर होत नाही.

काळजी वाटते म्हणून पत्र लवकर लिही.
तुझा कवडू


उमरेड
दि. १८ डिसेंबर १९७८

चि. कवडूस अ. उ. आ.

दावा मागे घेऊ नकोस. बाकीचे नंतर, आधी हे वाचून गोपाळरावांना सांगून ये.

यांनी परवा तोंड उघडले. पत्रा सरकवत होते, हात पुरता आत होता. पाय खाली होता, पायडलला शिवलासुद्धा नव्हता, आणि प्रेस पडली. हात बाहेर निघाला तो यांनी काढला नाही. म्हणतात की मनगट कोणीतरी धरलं अन् मागं ओढलं, वळून पाह्यलं तर बाजूले कोणीच नव्हतं. हात मी पाहिला. मनगटावर चार निळे वळ आहेत. अंगठ्याचा नाही. मी हळद लावायला घेतली आणि माझाच हात थांबला. ती बोटे मी लहानपणी धरून तुला शाळेत नेले आहे.

यांनीही जाळी मागितली होती, तर तुला दिले तेच उत्तर मिळाले, फक्त दिवाळीच्या जागी संक्रांत आली. जाळी स्टोअरमध्ये पोत्यांखाली पडली आहे, यांनी डोळ्यांनी पाहिली. यंत्राला कुंकवाचा डागसुद्धा उरलेला नाही. मग आता तिथे कोणती पूजा चालली आहे? हे दाव्याच्या तारखेला कचेरीत साहेबांपुढे उभे राहून सगळे सांगतील. जागा गेली तर जाऊ दे. मी विड्या वळीन. तुझ्या हातावर माझी चूल पेटवायला निघाले होते, आणि त्याच हाताने माझे कुंकू राखले.

तुझ्या उजव्या हाताला माझा नमस्कार. धाकट्याला करू नये, तरी करते.
तुझी सिंधूताई


नागपूर
दि. २४ मार्च १९७९

ती. सौ. सिंधूताईस,
शि. सा. न. वि. वि.

दावा मंजूर झाला. भाऊजी साक्षीला कसे उभे राहिले ते त्यांनी सांगितले नसेल, म्हणून मी सांगतो. कंपनीच्या वकिलाने विचारले की जाळी पूजेसाठी तुमच्याच लोकांनी काढली ना? भाऊजी म्हणाले की काढली आम्ही, पण लावू देली नाही तुम्ही. पूजा एका दिवसाची असते, साहेब. वळांविषयी ते बोलले नाहीत आणि मीही नाही. ते कायद्यात बसणारे नव्हते. त्यानंतर बळीरामनेही तोंड उघडले.

काल फॅक्टरी इन्स्पेक्टरांनी चार नंबरला सील लावले. बाकीच्या प्रेसवर जाळ्या चढल्या. बळीराम ते सांगायला धावत आला, पण मला आधीच कळले होते. मी पाटावर बसून दाढी करत होतो. बोटे सैल झाली, उघडली आणि मग काहीच राहिले नाही. पत्रा नाही, तेल नाही, थंड नाही. आज सकाळी पाळीच्या वेळेला वाट पाहिली. आली नाहीत.

पुष्पलता म्हणते, सुटलात एकदाचे. खरेच सुटलो असेन. पण अपघाताच्या दिवशी मी रडलो नव्हतो, ताई, आणि काल हात मांडीवर घेऊन लहान पोरासारखा रडलो. इतके दिवस मी चार बोटांवाचून नव्हतोच. आता आहे.

भाऊजींच्या मनगटावर वळ अजून आहेत का? असतील तर कळव, पहिल्या एस्टीने पाहायला येतो. गेले असतील तर कळवू नकोस.

तुझा
कवडू